वाचायची राहिलेली ओळ: वैद्यकीय शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातलं. महाविद्यालय कोणतं, साल कोणतं ते सांगत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. ज्या विद्यार्थिनीभोवती हे घडलं तिने मजकूर आधी वाचलाय. दोन वाक्यं खोडली. समाजाचं नाव झाकू का, असं विचारलं तर म्हणाली, "ते झाकलं तर उरतं काय, मॅडम?" म्हणून ते राहू दिलं.

मी पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते आणि मेडिकल एज्युकेशन युनिटचं, आमच्या तोंडी 'एमईयू'चं, काम बघते. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात 'एटकॉम' आलं: डॉक्टरची वृत्ती, नीती, रुग्णाशी बोलणं. शिक्षकांसाठी तीन दिवसांचा बेसिक कोर्स असतो. तो केल्याशिवाय बढतीचं गाडं हलत नाही, त्यामुळे सगळे येतात. उद्दिष्टं कशी लिहायची, प्रश्नपत्रिकेचा आराखडा, मायक्रोटीचिंग, फीडबॅक, सगळं त्यात आहे. रुग्णाशी आदराने बोला हे आपण पोरांना शिकवतो, त्याचं मूल्यमापनही करतो. शिक्षक पोरांशी कसा बोलतो याला त्या तीन दिवसांत अर्धा तासही नव्हता.

रुग्णालयाबद्दल एवढंच सांगते, की दसरा-दिवाळीनंतर इथली गावंच्या गावं, तांडेच्या तांडे ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. परत येतात ते पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात. मधेच जे परततात ते बहुधा आजारी म्हणूनच.

घटना

जानेवारी. स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड. कागदावर बेचाळीस वर्षांची, दिसायला साठीची बाई. हिमोग्लोबिन ५.२, चार पावलं चालली की दम, पायांवर सूज. केस घेतली होती तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने. आदल्या संध्याकाळी ती तासभर बाईच्या उशाशी बसली होती. दोघींची बोली एकच, गोरमाटी. बाईला ती 'याडी' म्हणत होती, म्हणजे आई.

सकाळी क्लिनिक, म्हणजे रुग्णाच्या खाटेजवळचा तास, घेणारे डॉ. क. अनुभवी माणूस. स्प्लीन (प्लीहा) कशी चाचपायची हे त्यांनी शिकवलं की आयुष्यभर विसरत नाही. माझ्या वडिलांना त्यांच्याकडेच दाखवलं होतं. हे सांगतेय कारण 'वाईट शिक्षक' म्हणून विषय संपवणं सोपं असतं.

"रिलिजन?"

"हिंदू, सर."

"हिंदूत कोण?"

ती जरा थांबली. "बंजारा."

"म्हणजे तांड्यावरची. दारूचं विचारलंस?"

"विचारलं सर. घेत नाहीत त्या."

"असं कसं? तुमच्यात तर घरोघरी भट्टी."

बॅच हसली. 'त्यांच्यात' नाही, 'तुमच्यात'. एका शब्दात रुग्ण आणि विद्यार्थिनी एकाच कॉटवर जाऊन बसल्या. मग, "नीटला किती होते तुला?" तिने आकडा सांगितला. "हं." त्या 'हं'चा अर्थ वॉर्डात उभ्या असलेल्या सोळाही जणांना कळला. पुढची दहा मिनिटं दारू, यकृत आणि त्यातून होणारा ॲनिमिया यावर उत्तम क्लिनिक झालं. तिचा कागद तिच्या हातातच राहिला.

त्या कागदाच्या दुसऱ्या पानावर दोन ओळी होत्या. एक: 'पिशवी सात वर्षांपूर्वी काढली आहे.' म्हणजे मासिक पाळीचा रक्तस्राव हे कारण बाद. दुसरी: 'कंबर लई दुखायली म्हणून मुकादमाकडून गोळ्या. रोज दोन, कधी तीन, दोन महिने. संडासला काळी होते.' खाडा पडला की मजुरी जातेच, वर दंड उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, चढतो. म्हणून गोळी घ्यायची आणि फडात उतरायचं. रिकाम्या पोटी वेदनाशामक, काळी शौच, हिमोग्लोबिन पाच. निदान त्या एका ओळीत लिहिलेलं होतं.

रात्री ड्युटीवरच्या रेसिडेंटने पेपर चाळताना ती ओळ वाचली. दोन दिवसांनी एंडोस्कोपी झाली. जठरात अल्सर, कडेने रक्त झिरपत होतं.

अडचण नेमकी कुठली?

तक्रार कोणीच केली नव्हती. ती विद्यार्थिनी माझ्या मेंटॉर गटातली. महिन्याभराने हजेरीचा तक्ता आला तेव्हा क्लिनिकल पोस्टिंगची तिची हजेरी ८० टक्क्यांच्या खूप खाली दिसली. नियमाप्रमाणे घरी पत्र जायचं. मी आधी तिला बोलावलं. बराच वेळ 'तब्येत बरी नव्हती' चाललं. मग म्हणाली, "मॅडम, मी दोन दिवस हाच विचार केला, की दारूचं मी परत एकदा विचारायला पाहिजे होतं का."

एंडोस्कोपीचं तिला माहीतच नव्हतं. मलाही त्या रेसिडेंटकडून चहाच्या टपरीवर कळलं होतं, वेगळ्याच संदर्भात. दोन्ही गोष्टी एकाच कॉटवरच्या आहेत हे तिच्यासमोर बसल्यावर जुळलं.

याला म्हणायचं काय यावर एमईयूत पहिली चकमक झाली. एकाचं मत, सर जरा फटकळ आहेत, सगळ्यांनाच बोलतात. दुसऱ्यांचं, हा निदान चुकण्याचा प्रकार आहे, मॉर्टॅलिटी मीटिंगसारखा, म्हणजे मृत्यूंच्या आढावा बैठकीसारखा, चर्चेला घ्या. तिसरी म्हणाली, ही सरळ जात आहे, तिला जात म्हणा. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण नाव काय देऊ त्याप्रमाणे उपाय ठरणार होता, आणि आम्ही नाव देणं पुढे ढकललं. पुढे जे रेंगाळलं त्याचं मूळ इथे आहे, असं आज वाटतं.

समोर असलेले पर्याय

डॉ. कं.ना कारणे दाखवा नोटीस देण्याचा विचार झाला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे आणि महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जाती 'अ'मध्ये मोडतो, म्हणजे तो इथे लागू नाही. सीमा ओलांडून तेलंगणात गेलं की हाच समाज अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात. बोली तीच, नातेवाईक तेच. 'विमुक्त' हा शब्दही इतिहासाचा: १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये त्या शिक्क्यातून सुटल्या, म्हणून विमुक्त. रॅगिंगविरोधी नियम मुख्यतः विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांच्या केलेल्या छळासाठी. उरली खातेअंतर्गत शिस्त. पण तिला तक्रार लागते, आणि विद्यार्थिनी म्हणाली, "फायनलला तेच इंटर्नल असणार आहेत." म्हणजे अंतर्गत परीक्षक. तिचा हिशेब भाबडा नव्हता. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला, त्यातही तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांबद्दलच्या तक्रारी ठळक होत्या. जिथे परीक्षक समोर बसून चेहरा बघतो, आडनाव वाचतो, तिथे.

परिपत्रक काढणं हा दुसरा पर्याय. डीन सर तयार होते. 'सर्व अध्यापकांना सूचित करण्यात येते की' पर्यंत मजकूर टाइपही झाला. आमच्याकडे परिपत्रक फलकावर लागतं आणि पावसाळ्यात ओल येऊन आपोआप पडतं. तो नाद सोडला.

तिसरा, बाहेरचा वक्ता बोलावून व्याख्यान. चौथा, बेसिक कोर्समध्येच एक सत्र घुसवणं. पाचवा एका बालरोग प्राध्यापकांनी सुचवला, की एकमेकांच्या क्लिनिकला जाऊन बसू या. त्यावर सगळे हसले, कारण प्राध्यापकाच्या क्लिनिकला दुसरा प्राध्यापक बसला तर इन्स्पेक्शन आलं की काय असं वाटतं.

आम्ही तिसरा आणि चौथा यांची सांगड घातली. सोपं होतं म्हणून.

पहिला प्रयत्न: ऑक्सिमीटर

सत्र मीच घेतलं. विषय, 'सर्वसमावेशक अध्यापन'. परदेशात वंशभेदविरोधी वैद्यकीय शिक्षणावर बरंच काम झालंय, त्यातून उदाहरणं निवडली. पहिलं पल्स ऑक्सिमीटरचं. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की बोटाला लावलेलं यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि काळ्या रुग्णांत ११.७. जवळपास तिप्पट. कोविडमध्ये हेच यंत्र हातात धरून आम्ही खाटा वाटल्या होत्या. सभागृह एकदम सावध झालं.

मग मूत्रपिंडाचं. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतं त्याचा अंदाज, काढताना कृष्णवर्णीय असल्यास एका आकड्याने गुणायचं, त्यामुळे मूत्रपिंड कागदावर बरं दिसायचं आणि पुढचे उपचार लांबायचे. २०२१ मध्ये नवं समीकरण आलं, त्यातून वंश काढून टाकला. मग त्वचारोगाचे फोटो. पुस्तकात लालभडक दिसणारी पुरळ आपल्या सावळ्या रुग्णाच्या पाठीवर जांभळट, काळसर दिसते. त्वचारोगाच्या मॅडम उठून म्हणाल्या, मी तर दरवर्षी पोरांना सांगते, पुस्तकातला रंग विसरा. सायनोसिस, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्याचा निळेपणा, जिभेवर बघा, फिकेपणा डोळ्यांच्या पापणीआत आणि तळहातावर. टाळ्या पडल्या. असं सत्र झालं नव्हतं, असं चार जणांनी येऊन सांगितलं. डॉ. क सुद्धा होते. तेही म्हणाले, "छान. गोऱ्यांनी फार केलं हो आपल्यावर."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो या वाक्याने, पण तेव्हा नाही. दोन दिवसांनी. त्या सभागृहातली सगळी माणसं ऑक्सिमीटरच्या गोष्टीत आपोआप अन्याय झालेल्या बाजूला बसली होती. मीसुद्धा. यंत्र आपल्या कातडीला फसवतं हे ऐकताना बरं वाटतं, कारण त्यात आपला काही दोष नसतो. आमच्या वॉर्डात ते 'गोरे' कोण, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. माझं आडनाव ऐकून मला आजवर कुणी नीटचे मार्क विचारलेले नाहीत. आमच्या वेळी नीट नव्हती म्हणा, पण बारावीचेही कुणी विचारले नाहीत.

फीडबॅक फॉर्म मात्र उत्कृष्ट आले. वॉर्डात काहीही बदललं नाही.

त्याच आठवड्यात ॲनाटॉमीचे एक सर भेटले. आरक्षित प्रवर्गातून आलेले, वीस वर्षांची नोकरी. सत्रात गप्प होते. पुढच्या वेळी तुम्ही बोला ना, म्हटलं. म्हणाले, "मॅडम, हे मी बोललो की तक्रार होते. तुम्ही बोललात की प्रशिक्षण होतं. तुम्हीच बोला, पण खरं बोला."

दुसरा प्रयत्न, आणि आमची चूक

दुसऱ्या तुकडीत आम्ही खरं बोलायचं ठरवलं. उत्साहात रोल प्ले बसवला. एक शिक्षक, एक विद्यार्थिनी, एक रुग्ण. नावं काढली, आजार बदलला, तांड्याऐवजी 'वस्ती' केलं. संवाद मात्र तेच ठेवले, कारण तेच बोचणारे होते.

पाच मिनिटांत सभागृहातल्या सगळ्यांनी ओळखलं, विद्यार्थिनी कोण आणि सर कोण. लहान कॅम्पस, एकच कँटीन. संध्याकाळपर्यंत हॉस्टेलवर पोचलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या केबिनच्या दाराशी. आत या म्हटलं तरी उंबऱ्यातच उभी. "मॅडम, मला विचारायचं होतं ना." मी काहीतरी सांगायला लागले, नाव घेतलं नव्हतं वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सगळे मला सांगायलेत की तुझं निदान बरोबर निघालं, सरांचं चुकलं. माझी हिस्टरी चुकली असती, ती बाई खरंच पीत असती, तर मग सर बोलले ते चाललं असतं का?"

या प्रश्नाने आमच्या योजनेचा कणाच मोडला. शिक्षकांना पटावं म्हणून आम्ही 'पूर्वग्रहाने निदान हुकतं' ही मांडणी धरली होती. डॉक्टरांना निदानाची भाषा कळते, आणि ती वाट चालते हे खरंच. पण त्यातून असा अर्थ निघत होता, की अपमान वाईट कारण अल्सर सुटला. अल्सर नसता तर? मी तिची माफी मागितली. ती 'असू द्या मॅडम' म्हणाली, जे आपल्याकडे माफी न देताही म्हणतात.

तिसरा प्रयत्न: क्लिनिकला बसणं

मग ज्यावर सगळे हसले होते तोच पर्याय काढला. सहा विभाग तयार झाले. शिक्षकांच्या जोड्या लावल्या, शक्यतो वेगळ्या विषयांतल्या आणि सारख्या हुद्द्याच्या, म्हणजे कुणाचा गोपनीय अहवाल कुणाच्या हातात नको. एकमेकांच्या क्लिनिकला अर्धा तास बसायचं, हातात एक पान. मत लिहायचं नाही, फक्त मोजायचं. रुग्णाला तू की तुम्ही. पोटाला हात लावायला कोणाला बोलावलं आणि कॉटच्या पायथ्याशी कोण उभं राहिलं. विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःबद्दल काय विचारलं. आणि केसच्या कागदावरची कुठली ओळ वाचायची राहिली. हा शेवटचा रकाना आम्ही त्या बाईमुळे घातला.

माझ्या क्लिनिकला शरीरक्रियाशास्त्राचे सर बसले. अर्ध्या तासानंतर पान माझ्या हातात दिलं. चार रुग्ण. निवृत्त शिक्षक होते त्यांना 'तुम्ही', सातही वेळा. बाकी तिघींना 'तू'. "ए मावशी, हात दाखव बरं." मी म्हटलं, आपल्याकडे तू म्हणजे माया असते, आईला आणि विठोबाला आपण तूच म्हणतो. ते म्हणाले, "बरोबर. मग गुरुजींवर माया का नाही केली?"

यावर पुढच्या बैठकीत तासभर वाद झाला आणि तो वाद मला सगळ्यात कामाचा वाटला. 'तू' बंद करा असं काहींचं म्हणणं. पण एका आजीने आमच्या इंटर्नला स्वतःच सांगितलं होतं, "तुम्ही म्हणलास की परक्याच्या दारात आल्यावाणी वाटतंय." शेवटी ठरलं ते असं: तू म्हणा किंवा तुम्ही, पण एका वॉर्डात एका वयाच्या सगळ्यांना एकच. हेडक्लार्कच्या आईला जे म्हणाल तेच कॉट नंबर नऊला.

दुसरा मोठा वाद धर्माच्या रकान्याचा. आपल्या केस टेकिंगच्या नमुन्यात नाव, वय, लिंग, पत्ता, व्यवसाय यांच्यासोबत धर्म असतो आणि पोरं तो पहिल्याच श्वासात म्हणून मोकळी होतात. शल्यचिकित्सेचे सर म्हणाले, धर्म लागतो. सुंता झालेल्यांत लिंगाचा कॅन्सर कमी, शिकवायचं कसं? मग 'सुंता झाली आहे का' हे विचारा की, असं कुणीतरी म्हणालं. फायमोसिस, म्हणजे पुढची कातडी घट्ट, असेल तर हिंदूंचीही झालेली असते. बालरोगवाल्यांनी जवळच्या नात्यातल्या लग्नांचं काढलं, मुस्लिम म्हटलं की ते गृहीत धरायचं. त्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, माझ्या आईवडिलांचं लग्न मामे-आतेतलं आहे. आम्ही मराठे." मराठवाड्यात मामाची पोरगी करणं ही काय लपवायची गोष्ट आहे? हशा पिकला, आणि या वेळचा हशा कुणाला उद्देशून नव्हता. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तेच. किनवट-माहूरकडचा रुग्ण आला की आधी जात विचारायची सवय. जनुकीय कल काही समाजांत जास्त आहे हे खरं, पण रक्ताच्या थेंबाची सोल्युबिलिटी चाचणी जात विचारत नाही, आणि फक्त जातीवर गेलं की 'न बसणाऱ्या' जातीतला सिकलसेल सुटतो.

तरी जात कधीच विचारायची नाही, असं मात्र ठरवलं नाही. तो मोह झाला होता, कारण त्यात सुटल्यासारखं वाटतं. पीएसएमची म्हणून मी अडून बसले. तांड्यावर पाणी कुठून येतं, रेशनकार्ड गावात आहे आणि माणूस फडात, उचल किती घेतली, पिशवी कुणी आणि का काढली हे विचारायचं तर माणूस कुठल्या समाजातला हे कधी ना कधी समोर येतंच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये एवढा गाजला, की शासनाला समिती नेमावी लागली. तो प्रश्न जातिनिरपेक्ष डोळ्यांना दिसला नसता. तेव्हा ठरलं असं, की धर्म-जात सादरीकरणाच्या पहिल्या ओळीत, सगळ्या वॉर्डासमोर, मोठ्याने नाही. सामाजिक हिस्टरीत, कारण असेल तेव्हा, आणि कारण विद्यार्थ्याला सांगता आलं पाहिजे.

काय झालं

विद्यार्थिनीचं पोस्टिंग दुसऱ्या युनिटमध्ये बदलून भरून काढलं. घरी पत्र गेलं नाही. ती पास झाली, आता इंटर्न आहे.

डॉ. कं.च्या क्लिनिकला त्वचारोगाच्या मॅडम बसल्या होत्या. 'विद्यार्थ्याला स्वतःबद्दल काय विचारलं' या रकान्यात त्यांनी तीन वेळा 'नीट' लिहिलं. सरांनी पान घेतलं, घडी करून खिशात ठेवलं. माफी त्यांनी मागितली नाही, माझ्या माहितीत तरी नाही. पण त्यांच्या युनिटमधली पोरं सांगतात, हल्ली सर केस सुरू होण्याआधी म्हणतात, "दुसरं पान आधी वाच." हे मी विद्यार्थिनीला सांगितलं. ती म्हणाली, "सरांचं ठीक आहे. हसलेल्यांचं काय?"

सहापैकी दोन विभागांनी एका फेरीनंतर पानं देणं बंद केलं. वेळ नाही हे कारण. एका विभागात पान म्हणजे एकमेकांचं उणं काढायचं साधन झालं, ते आम्हीच थांबवलं. फाउंडेशन कोर्सच्या पहिल्या दिवशी नव्या मुलांना नाव-गाव-रँक सांगायला लावायची पद्धत होती. त्यातली रँक गेली. आडनाव ऐच्छिक केलं. पहिल्या वर्षी जवळपास सगळ्यांनी सांगितलं, दुसऱ्या वर्षी कमी जणांनी. अंतर्गत व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नावाऐवजी क्रमांक आणला, पण परीक्षक पोरांना तीन वर्षं ओळखतात. त्याने कितपत फरक पडतो याबद्दल मी फार आशा धरून नाही.

आज करायचं तर

ऑक्सिमीटर मी ठेवीन, पण शेवटी. आधी आपल्या वॉर्डातला एक कागद, मग परदेश. क्रम उलटा असला की माणसं पहिल्या तासात स्वतःला पीडित मानून घेतात आणि मग कितीही बोला, खुर्ची बदलत नाहीत.

घडलेला प्रसंग त्याच कॅम्पसमध्ये वापरणार नाही. नावं बदलून काही होत नाही. वापरायचाच तर त्या व्यक्तीला आधी विचारून, आणि 'नाही' म्हणायला तिला काही गमवावं लागणार नाही याची सोय करून.

बॅचला सोडणार नाही. आम्ही शिक्षकांच्या प्रशिक्षणात इतके गुंतलो, की त्या सकाळी हसलेली पंधरा मुलं तशीच पुढच्या वर्षात गेली. त्यांतले काही येत्या चार-पाच वर्षांत त्याच कॉटजवळ शिक्षक म्हणून उभे असतील.

आणि पहिल्याच बैठकीत नाव देईन. जात म्हणेन. 'सर्वसमावेशक' हा शब्द इतका मऊ आहे, की त्याच्यावर सगळ्यांना बसता येतं.

एक गोष्ट आमच्या ध्यानीमनी नव्हती. पानातल्या शेवटच्या रकान्यामुळे रुग्णाच्या बोलीतली हिस्टरी किती मोलाची हे सगळ्यांना पटलं. इतकं, की तांड्यावरचा रुग्ण आला की स्त्रीरोग असो, सर्जरी असो, त्या विद्यार्थिनीलाच फोन जायला लागला. सगळे कौतुकाने बोलवायचे. गेल्या महिन्यात ती पुन्हा केबिनच्या दारात आली. या वेळी आत येऊन बसली. "मॅडम, काल तीनदा बोलावलं. माझी ड्युटी ऑर्थोला आहे. तिकडचे सर विचारायलेत, कुठे असतेस."

मग आम्ही आस्थापना विभागातून शोध घेतला. चतुर्थश्रेणीतले दोन मामा, एक सिस्टर आणि रक्तपेढीतला एक तंत्रज्ञ गोरमाटी बोलतात, हे वर्षानुवर्षं कुणाला माहीत नव्हतं. उर्दू, तेलुगू बोलणारेही निघाले. नाव, बोली, ड्युटीची वेळ आणि एक्स्टेंशन असा तक्ता करून प्रत्येक नर्सिंग स्टेशनला चिकटवला. यादी तिला दाखवली तेव्हा तिने पेन घेतलं आणि स्वतःच्या नावासमोर लिहिलं: 'फक्त मेडिसिनला पोस्टिंग असेल तेव्हा.'